भाड्याच्या जागेवरचा उतार

औषधांबद्दल मी काही लिहिणार नाही. ते डॉक्टर सांगतात, आणि त्यांनी सांगितलेलंच करावं. मला लिहायचं आहे ते दवाखान्यातून घरी येण्याबद्दल. मणक्याच्या दुखण्याने ज्यांचे पाय गेले आणि ज्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून घरी पाठवलं, त्यांना निघताना पथ्य सांगतात, गोळ्या सांगतात. घराला पायऱ्या किती आहेत आणि घर ज्या जागेवर उभं आहे ती जागा कोणाची, हे कोणी विचारत नाही. मलाही कोणी विचारलं नाही, आणि आम्हालाही ते सांगावं असं सुचलं नाही.

मला लिहायची सवय नाही. कॉलेजात निबंध लिहिले तेवढेच. घरी आम्ही अहिराणी बोलतो; तिच्यात 'शे' म्हणजे आहे आणि 'मना-मनी' म्हणजे माझा-माझी. इथे बरंचसं पुस्तकी मराठीत लिहिते आहे, पण काही वाक्यं जशी बोलली गेली तशीच ठेवली आहेत. ती बदलली तर ती माणसं माझ्या डोळ्यांपुढून जातात.

आम्ही चाळीसगावचे. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. ते कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल आहेत. आईला माय म्हणतो. मोठा भाऊ दिलीप सातवीपर्यंत शिकला आणि गॅरेजमध्ये लागला. माय-नानांना अक्षर ओळखता येत नाही. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली. रोज सकाळच्या गाडीने धुळ्याला जायचे आणि दुपारच्या गाडीने परत यायचे.

*

आधी नुसती पाठ दुखायची. गाडीतल्या लाकडी बाकांमुळे असेल असं वाटायचं. माय तेल चोळायची, विटकरीने शेकायची. हिवाळाभर असंच चाललं. मग पाय जड व्हायला लागले. ओल्या मातीतून चालल्यासारखे. मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर गाडीने जाणं बंद झालं असतं. हे मुद्दाम लिहिते आहे. ज्याला असं होत असेल त्याने लपवू नये.

एका सकाळी धुळे स्टेशनात गाडीतून उतरताना पाय फलाटावर टेकला, पण टेकल्याचं मला कळलंच नाही. मी खाली बसले, आणि मला दोन मुलींनी उचललं.

धुळ्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला. नाना टोपी हातात घेऊन उभे होते. मग डॉक्टर म्हणाले, "मणक्याला क्षय झालाय."

"पोरीला खोकला नाही साहेब," नाना म्हणाले.

"क्षय नुसता छातीचाच नसतो."

नाना थोडे पुढे सरकले. हळू आवाजात म्हणाले, "साहेब, तो शब्द कागदावर लिहावाच लागतो का?"

"लिहावा लागतो. त्याशिवाय औषध मिळायचं नाही."

नानांनी मान हलवली. ते माझ्या लग्नाचा विचार करत होते हे मला कळत होतं. मी विचारलं, "मला चालता येईल का?" डॉक्टर चांगले होते. खोटं बोलले नाहीत. "येईल बहुतेक. कधी ते सांगता येत नाही. सहा महिन्यांनी विचार."

त्या दिवशी मला फार रडू आलं असेल असं लोकांना वाटतं. आलं नाही. मी फक्त अंथरुणावर पडून माझ्या अंगठ्याला हुकूम करत होते, हल म्हणून. तो दुसऱ्या कोणाचा अंगठा असल्यासारखा पडून होता.

*

वॉर्डात चार महिने काढले. फळीच्या पलंगावर सरळ झोपायचं, बसायचं नाही. दर दोन तासांनी मायने कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखम पडते. सकाळी इंजेक्शन, मग उपाशीपोटी गोळ्या. पहिल्या दिवशी लघवीच्या नळीतून नारिंगी रंग उतरला तेव्हा माय पिशवीकडे बघतच राहिली. "व माय, रगत शे का हाई?" गोळीमुळे तसं होतं हे सिस्टरने सांगितलं, तरी पुढे आठवडाभर माय रोज ती पिशवी उजेडाकडे धरून बघायची.

माझ्या डावीकडच्या पलंगावर भडगावची एक बाई होती. तिलाही माझंच दुखणं. ती मला धीर द्यायची. तिचा नवरा एकदा भाकरी घेऊन आला तो परत आलाच नाही. एका सकाळी तिचा पलंग रिकामा होता आणि गादी उन्हात टाकलेली होती. ती कुठे गेली, घरी की दुसरीकडे, हे मी कोणाला विचारलं नाही. मायनेही विचारलं नाही. त्या गादीकडे पाठ होईल अशा बाजूने तिने मला वळवलं.

चांगलंही घडलं. वॉर्डातल्या आयामावशी दर बुधवारी माझी वेणी घालायच्या. झोपलेल्या माणसाची वेणी घालणं कठीण असतं, पण त्या मान उचलून धरायच्या आणि घट्ट घालायच्या. म्हणायच्या, "पाय जाऊ दे. केस किती दाट आहेत ते बघ." त्यांच्या बोलण्याचं मला हसू यायचं.

चौथ्या महिन्यात अंगठा हलला. मग मला पट्टा बांधून बसवलं. धर्मादाय म्हणून कोणीतरी दिलेली एक जुनी, लोखंडी, चाकाची खुर्ची दवाखान्याने मला दिली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी नानांना बजावलं, "हिला पडू देऊ नका. आणखी एक पडणं हिच्या मणक्याला सोसणार नाही." आणि दाराला पायऱ्या असतील तर उतार कसा करायचा तेही त्यांनी सांगितलं. हातभर उंचीला बारा हात लांबी. नानांनी ते पाठ केलं.

*

आमचं घर रेल्वे लाइनच्या पलीकडे आहे. भिंती मातीच्या, वर पत्रे. भिंती, पत्रे, दार आमचं, आणि खालची जागा भाड्याची. जागेच्या मालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते. अक्कांना मूलबाळ नाही. त्यांच्या यजमानांनी पंचवीस वर्षांपूर्वी नानांना ही जागा दिली, तेव्हा एक भाडेचिठ्ठी झाली होती आणि नानांनी तिच्यावर अंगठा दिला होता. ती चिठ्ठी मायच्या पत्र्याच्या पेटीत लुगड्याखाली असायची.

गल्लीत नाली भरून वाहते म्हणून नानांनी घर उंच ओट्यावर बांधलेलं. पुढे तीन पायऱ्या, दीड हात उंच. मी वीस वर्षं त्यांच्यावरून उड्या मारत गेले असेन.

आता मला उचलून न्यायला दोन माणसं लागत. नाना आणि दिलीपभाऊ खुर्चीला दोन्हीकडून धरत. ते दोघं कामावर गेले की घरात माय एकटी. संडास गल्लीच्या टोकाला. दिवसभर कोणी पुरुष माणूस येईपर्यंत मी पाणी पिणंच सोडलं. यामुळे मला ताप येऊ लागला, आणि दवाखान्यात बोलणी बसली. शेजारची एक बाई मला उचलून नेताना बघून रोज म्हणायची, "निघाली बाई राणीसाहेबांची स्वारी." तिच्या मनात वाईट नव्हतं. तरी नाना तिच्याकडे न बघता चालत.

भाऊने गॅरेजमधून एक फळी आणली. तिसऱ्या दिवशी ती निसटली आणि मी खुर्चीसकट नालीच्या कडेला गेले. सुदैवाने माय खाली होती, तिच्या अंगावर पडले. मग नानांनी दगड-मातीचा उतार घातला, शेणाने सारवला. आठ दिवसांत त्यात चाकांच्या चाकोऱ्या पडल्या आणि एक चाक रुतून खुर्ची कलंडली. त्या दिवशी पाठीत कळ आली ती दोन दिवस गेली नाही. मी पडून पत्र्याकडे बघत राहिले. मग नानांना म्हणाले, "सिमेंटचा करा. नाहीतर मी बाहेर जाणार नाही."

हा हट्ट माझा होता. पुढे जे झालं त्यात हे विसरलं जाऊ नये.

*

अक्का दर गुरुवारी मला बघायला यायच्या. त्यांची पाठ वाकलेली, हातात काठी. ओट्यावर बसून शेंगा सोलत बोलायच्या. नानांनी त्यांना विचारलं. उतार सरळ काढायला गल्ली पुरत नव्हती, म्हणून तो भिंतीच्या कडेने वळवून नेणार होतो, आणि त्याचा शेवटचा तीन हात भाग अक्कांच्या मोकळ्या जागेत जाणार होता.

"बांध रे भो," अक्का म्हणाल्या. "जागा मनी शे. पोर काय ओटावर बशीसन म्हातारी व्हई का?"

"अक्का, दोन ओळी लिहून दिल्या तर बरं," दिलीपभाऊ म्हणाला. त्याला गॅरेजात येणाऱ्या लोकांकडून असलं काही ऐकून माहीत होतं.

अक्कांचा चेहरा बदलला. पूर्वी त्यांच्या दिराने कोऱ्या कागदावर त्यांचा अंगठा घेतला होता आणि त्यात त्यांचं अर्धं शेत गेलं होतं. तेव्हापासून त्या कागदाला हात लावत नसत. "मी कागदवर अंगठा देत नही. मना शब्द शे ना?"

"शे ना अक्का, शे ना," नाना घाईने म्हणाले, आणि भाऊकडे रागाने बघितलं. अक्कांचा शब्द असताना वर कागद मागणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं म्हणणं. आमच्याकडे असं करत नाहीत.

रशीद मिस्त्री नानांच्या ओळखीचे. दोरी लावून त्यांनी लांबी बघितली आणि म्हणाले, "नाना, हे घर आहे का मालधक्का? बैलगाडी चढवायची का वर?"

"दवाखान्याच्या बाईंनी सांगितलंय. हातभर उंचीला बारा हात."

"मग अठरा होतात. एवढी जागाच नाही. पंधरा करतो. मागून एक माणूस धरेल."

तीन दिवसांत उतार झाला. दोन्ही कडांना वीट लावून चार बोटं कठडा काढला, चाक घसरू नये म्हणून. वरून सिमेंट घोटलं आणि केरसुणीने आडव्या रेघा मारल्या. ते ओलं सिमेंट दुपारच्या उन्हात निळसर दिसत होतं. आमच्या घरात तोवर पक्की म्हणावी अशी एक वस्तू नव्हती. नाना त्याच्याभोवती तीनदा फिरले.

मिस्त्री म्हणाले, "तारीख टाका नाना. ओलं आहे तोवर."

गावात सगळेच टाकतात. विहिरीवर, ओट्यावर, देवळाच्या पायरीवर. बांधलं की तारीख आणि नाव. नाना म्हणाले, "शोभानं अक्षर चांगलं शे. तीच टाकी."

शोभा म्हणजे मी. मला खुर्चीत वाकवून धरलं. मिस्त्रींनी खिळा दिला. आजारपणानंतर मी पहिल्यांदाच काही लिहीत होते. अक्षर चांगलं आलं. 'उतार बांधला' असं लिहिलं. खाली तारीख, वार. त्याखाली माझं नाव. नाना म्हणाले, अक्कांचंही नाव लिही, त्यांच्यामुळे झालं. म्हणून शेवटी लिहिलं, 'अक्कांच्या कृपेने'.

मिस्त्रींनी ते वाचून दाखवलं. अक्का हसल्या. सगळे खूश होते. मीही.

*

अक्कांचा पुतण्या वसंतशेठ बाजारपेठेत असतो. आमच्या गल्लीत तो कधी येत नसे. उतार वाळल्यावर आठव्या दिवशी आला. चपला काढून उतारावर उभा राहिला, पाय आपटून बघितला.

"पक्कं केलंत. बरं केलंत," तो म्हणाला.

माय म्हणाली, "पोरीसाठी केलं शेट."

"हो हो. पोरीसाठीच." तो वाकला आणि मी लिहिलेलं त्याने बोटाने गिरवत वाचलं. "अक्षर छान आहे," माझ्याकडे बघून म्हणाला. मी ओशाळून हसले.

दुसऱ्या दिवशी तो फोटो स्टुडिओवाल्याला घेऊन आला. त्याने उताराचे तीन फोटो काढले. एक लांबून, एक बाजूने, एक तारखेच्या अगदी जवळून. मी दारात खुर्चीवर होते. फोटोवाला मला म्हणाला, "ताई, थोडं आत व्हा. सावली पडते." मी चाक फिरवून आत गेले.

पुढच्या गुरुवारी अक्का आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. नाना त्यांच्या घरी गेले तर कुलूप. अक्का पडल्या, त्यांना वसंतशेठने आपल्या घरी नेलं, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. नाना परत येऊन ओट्यावर बसले. चहा गार झाला तरी प्यायले नाहीत.

नोटीस पोस्टाने आली. नानांनी ती माझ्या हातात दिली. मी वाचली, मग परत वाचली. भाडेकरूने मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाड्याच्या जागेत कायम स्वरूपाचं बांधकाम केलं, सबब जागा रिकामी करून द्यावी. नोटीस अक्कांच्या नावाने होती आणि खाली अंगठा होता.

"अक्कांचा नाही तो," माय म्हणाली. "त्या देतच नाहीत." पण अंगठा होता. तो कसा आला ते आम्हाला आजही माहीत नाही.

मी मायला पेटीतून भाडेचिठ्ठी काढायला सांगितली. तिच्या घड्या फाटल्या होत्या. चौथ्या ओळीत सरळ लिहिलेलं होतं की भाडेकरू मातीचं, पत्र्याचं घर बांधील, जाताना आपलं सामान घेऊन जाईल, आणि लेखी परवानगीशिवाय पक्कं काही बांधणार नाही. ती ओळ नानांना पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी वाचून दाखवली असेल. त्यांना आठवत नव्हती. पण मी दहावी झाले, बारावी झाले, कॉलेजात गेले. घरात नीट वाचणारी मी एकटी, आणि ती चिठ्ठी मी कधी उघडून बघितली नव्हती.

*

नोटीस घेऊन आम्ही एका वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "नुसती माती असती तर मी कोर्टात हसत गेलो असतो. सिमेंट म्हणजे पक्कं. तोंडी परवानगी कायद्याला चालत नाही. तरी उतार जुना आहे असं म्हणता आलं असतं. तारीख कोणी टाकली?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला. "शिकलेली आहेस ना तू?"

नाना म्हणाले, "साहेब, मी सांगितलं टाकायला."

भाऊला वाटलं, अक्कांना गाठावं. अक्का कोर्टात बोलल्या तर निदान न्यायाधीशांना कळेल. एका रविवारी आम्ही वसंतशेठच्या घरी गेलो. भाऊने मला सगळ्या बाजारातून ढकलत नेलं. त्या घराला पाच पायऱ्या होत्या आणि अक्का माडीवर होत्या.

वसंतशेठची बायको दारात आली. "या ना आत," ती म्हणाली. मग तिची नजर माझ्या खुर्चीवर गेली.

"मी उचलून आणतो," भाऊ म्हणाला.

वसंतशेठ तिच्या मागे उभा होता. "आत्ता डोळा लागलाय त्यांचा. नंतर कधीतरी."

तेवढ्यात माडीची खिडकी उघडली. अक्का होत्या. चेहरा एका बाजूने उतरलेला. त्यांनी मला बघितलं, भाऊला बघितलं. जीभ जड झाली होती, तरी बोलल्या. "मीच सांगेल शे त्यास्ले. मीच सांगेल शे."

बांधायला त्यांनीच सांगितलं होतं, हे रस्त्यावरच्या चार लोकांनी ऐकलं. वसंतशेठ घाई न करता आत गेला. थोड्या वेळाने खिडकी लागली. आम्ही अर्धा तास थांबलो. ती परत उघडली नाही. अक्का बोलल्या ते कागदावर नव्हतं, एवढाच विचार त्या अर्ध्या तासात माझ्या मनात फिरत होता.

*

कोर्टाने जागा बघायला एक कमिशनर पाठवला. तोही वकीलच, तरुण, घामाने भिजलेला. आदल्या दिवशी आमच्या वकीलसाहेबांनी आम्हाला वाक्य शिकवलं होतं: उतार जुना, दगडमातीचा, त्या तारखेला फक्त वरून डागडुजी केली. घरात सगळ्यांनी ते पाठ केलं होतं. मला खोटं बोलायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. मीही पाठ केलं होतं.

कमिशनरने टेपने मोजलं. एका बाजूला वसंतशेठ, दुसऱ्या बाजूला आम्ही. त्याने नानांना विचारलं, "हे कधी बांधलं?"

नाना माझ्याकडे बघू लागले. त्यांचे ओठ हलत होते, वाक्य आठवत होते. चाळीस वर्षांच्या हमालीत नानांनी कोणाचं पोतं कमी सांगितलं नाही की जास्त. कमिशनरने वाट बघितली, मग माझ्याकडे वळून सिमेंटवरच्या माझ्या नावावर पेन्सिल ठेवली.

"हे तुमचं नाव ना?"

"हो."

"अक्षर?"

"माझंच."

एकदा 'माझंच' म्हटल्यावर पुढचं आपोआप आलं. तारीख खरी आहे, त्याच दिवशी बांधला, अक्कांनी तोंडी सांगितलं होतं. त्याने सगळं लिहून घेतलं. 'अक्कांच्या कृपेने' या ओळीशी थांबला. "हे त्यांनी लिहिलं?"

"नाही. मी."

"मग याचा उपयोग नाही," तो म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला. मग त्याने मला उतारावरून खाली येऊन दाखवायला सांगितलं. माय मागून धरत होती. मी आले. त्याने तेही लिहिलं असावं, मला दिसलं नाही. वसंतशेठने मला वाट द्यायला दोन पावलं मागे घेतली.

नाना त्या दिवशी मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

*

मग वकीलसाहेबांनी शेवटचा उपाय सांगितला. निकालाआधी उतार काढून टाका. आजारी पोरीसाठी तात्पुरता केला होता, ती बरी झाली, काढला, असं मी सांगतो. न्यायाधीश माणूस आहे. बघू.

म्हणजे मला पायऱ्या चढता आल्या की घर वाचणार होतं.

या काळात माझे पाय खरंच सुधारत होते. भिंत धरून उभी राहायचे, काठीने दहा-बारा पावलं टाकायचे. नाना कामावरून आले की टोपी काढायच्या आधी विचारायचे, "चढता येस का?" मी नाही म्हणायचे. ते म्हणायचे, "व्हई, व्हई. घाई नही." पण घाई होती. दवाखान्यात व्यायामाच्या बाई म्हणायच्या, शरीराला वेळ दे. घरी कॅलेंडरवर भाऊने निकालाच्या तारखेभोवती गोल केला होता. मी पाय उचलायचे तेव्हा मला मणका आठवायचा नाही, तो गोल आठवायचा. रोगी माणसाच्या मागे असं काही लागू नये. हे वाचणाऱ्या घरच्या लोकांना मला एवढंच सांगायचं आहे. आमच्याकडे कोणाचा दोष नव्हता, तरी ते लागलं.

भाऊने मागच्या बाजूला विटांच्या तीन पायऱ्या रचल्या, सरावाला. एका संध्याकाळी भाऊचा खांदा धरून मी त्या चढले. तिन्ही. वर गेल्यावर पाय इतके कापत होते की भाऊने मला उचलूनच खाली आणलं. दुसऱ्या दिवशी एकीवर पाय ठेवला आणि गुडघा मोडल्यासारखा वाकला. भाऊने धरलं नसतं तर गेले असते. मी त्याला म्हटलं, कोणाला सांगू नको.

त्या संध्याकाळी नानांनी विचारलं, "चढता येस का?"

"येस," मी म्हणाले.

नाना खाली बसले. मायने देवापुढे दिवा लावला. भाऊ माझ्याकडे बघत होता. नाना लगेच रशीद मिस्त्रींकडे जाऊन पहार घेऊन आले. रविवारी सुटी, तेव्हा मोडायचं ठरलं.

तीन दिवस मी ते सहन केलं. घर वाचेल, मग मी आत राहीन, पाणी कमी पिईन, बाकीचं बघू, असा विचार करत होते. जो माणूस चार महिने झोपून राहतो त्याला आत राहण्याची सवय असते, असं स्वतःला समजावत होते. ते खरं नाही. जास्त भीती त्यालाच वाटते.

रविवारी सकाळी नाना उतारावर उभे राहिले. त्यांनी पहार उचलून तारखेवरच टेकवली, तिथून सुरुवात करायची म्हणून. मी दारात काठी धरून उभी होते. ते म्हणाले, "एक डाव उतरी दाखाड. मंग मोडस." पायऱ्या तर उताराखाली गाडलेल्या, म्हणून मागच्या विटांकडे जायचं होतं. मी दोन पावलं टाकली.

"नाना, मला नाही येत," मी म्हणाले. "एकदाच आलं होतं. भाऊला धरून."

नाना हलले नाहीत. मायने आतून विचारलं, काय झालं. मला वाटलं आता पहार पडेलच, कारण काय करणार दुसरं. नाना उतारावरच बसले, पाय सोडून.

"खोटं कसाले सांगं?" ते म्हणाले.

"घरासाठी."

"आनि कमिशनरले खरं सांगं."

"हो, सांगितलं."

नाना हसले की काय ते मला कळलं नाही. माय दारात आली होती. तिने पहारीकडे बघितलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "मोडनं व्हई ते कोर्ट मोडी. आपन त्यासनं काम कसाले हलकं करानं?"

मग ते उठले. खुर्ची पुढे आणून माझ्यामागे धरली आणि मला बसायला सांगितलं. मला बाहेर न्यायची वेळ झाली होती.

*

माझ्यासारख्यांना मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. पाय जड वाटले तर लपवू नका. आणि घरी उतार बांधायचा झाला तर जागेचा कागद आधी काढून वाचा, आणि मालक कितीही चांगला असला तरी लेखी घ्या. मागायला लाज वाटते. मागावं तरी.

अक्का अजून आहेत, माडीवर. आम्हाला भेटू देत नाहीत. माझ्या गोळ्या आणखी पाच महिने आहेत. परीक्षेचा फॉर्म भरला आहे. कोर्टाचा निकाल पुढच्या महिन्यात लागेल. काय लागेल ते वकीलसाहेबही सांगत नाहीत, आणि आता नानाही विचारत नाहीत. उतार आहे तसा आहे. पहार मात्र नानांनी मिस्त्रींना परत केलेली नाही. ती दाराआड उभी आहे.